होस्टेलवरच्या शाकाहारी जेवणात प्रोटीन पुन्हा पुन्हा कमी का पडतं आणि ते कुठे दुरुस्त करायचं

सकाळी अकराला प्रॅक्टिकल चालू असताना पोटात कावळे ओरडतात. दुपारच्या लेक्चरला डोळे मिटायला लागतात. रात्री नऊला पोटभर जेवूनही साडेदहाला पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं आणि तीन-चार महिने जिमला जाऊन अंगाला काही लागत नाही. पुण्यात शिकायला आल्यापासून होस्टेलवरच्या शाकाहारी मुलामुलींकडून ही तक्रार मी सतत ऐकते आहे. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: ‘अंडी तरी सुरू कर’ नाहीतर ‘प्रोटीन पावडर घे’. ज्याला अंडी खायची नाहीत आणि पावडरीचा डबा परवडत नाही, त्याने करायचं काय, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मेस कमिटीवर काम करताना डाळीचा आणि कडधान्यांचा हिशेब जवळून बघितला, त्यातलं बरंचसं इथे आहे.

ही अडचण एकदा सोडवली की सुटली असं होत नाही. टर्म सुरू झाली की उत्साह असतो, मटकी भिजते, दुधाची पिशवी लागते, आणि सबमिशनच्या आसपास सगळं बंद पडतं. पुढच्या टर्मला पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कशात किती प्रोटीन आहे एवढं माहीत असून भागत नाही. आपली व्यवस्था नेमकी कुठे मोडते ते शोधावं लागतं.

आधी बघा: तूट किती ग्रॅमची आहे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलो वजनाला साधारण ५० ग्रॅम. आपल्या जेवणात पोळी-भातच जास्त असतो आणि धान्यातलं प्रोटीन डाळी-दुधाच्या तुलनेत थोडं कमी प्रतीचं असतं, म्हणून किलोमागे १ ग्रॅम धरावा. ६० किलोला ६० ग्रॅम, हिशेबालाही सोपं. वजनं उचलत असाल तर १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जायला हरकत नाही. त्याहून वरचे जे आकडे जिममध्ये ऐकू येतात त्यांच्या मागे लागण्याची गरज नाही.

आता पोटात काय जातं ते बघू. एका पोळीत साधारण ३० ग्रॅम कणीक धरली तर ३ ग्रॅम प्रोटीन. वाटीभर भातात ३ ते ४. फ्लॉवर-बटाटा, दुधी, कोबी असल्या भाजीत १-२. मेसच्या पातळ आमटीच्या वाटीत ३ ग्रॅमच्या आसपास. प्लेटभर पोह्यात दाणे धरून ६. वडापावात ६-७.

ज्याची सकाळी आठची प्रॅक्टिकलं असतात तो पोहे सोडतो आणि चहावर निघतो. दुपारी मेसला रांग असते, म्हणून दोनच पोळ्या, भाजी, आमटी-भात. संध्याकाळी वडापाव. रात्री तीन पोळ्या, भाजी, आमटी. बेरीज करा: चहा १, दुपारचे १५, वडापाव ६, रात्रीचे १४. एकूण ३६ ग्रॅम. हवे होते ५० ते ६०.

म्हणजे तूट १५ ते २५ ग्रॅमची आहे. हा आकडा मुद्दाम काढायला लावते आहे, कारण तो न काढता लोक थेट ‘माझं सगळं जेवणच चुकतंय’ इथे पोचतात आणि मग भोपळ्याच्या बिया, मखाणे, बदाम, कुणीतरी सांगितलेले मशरूम असं काहीबाही महागडं आणतात. ताज्या मशरूमच्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमच्या आसपासच प्रोटीन असतं. मखाण्यात १०० ग्रॅमला ९-१० असतं खरं, पण १०० ग्रॅम मखाणे म्हणजे मोठं पातेलं भरून होतात, तेवढे कोण खाणार? तूट २० ग्रॅमची असेल तर तेवढीच भरायची, आणि ती तीनशे-चारशे रुपयांत महिनाभर भरता येते.

एकच दिवस खरा हिशेब लिहा. रविवारची मेजवानी धरू नका, आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा दिवस धरा.

आमटीची वाटी

सगळ्यात पहिली दुरुस्ती इथे आहे आणि ती फुकट आहे.

मेसची आमटी वाटीत घ्या आणि दहा मिनिटं न हलवता तशीच ठेवा. डाळ खाली बसते, वर पिवळं पाणी उरतं. खाली बसलेली डाळ निम्म्या वाटीच्या वर असेल तर त्या वाटीत ६-७ ग्रॅम प्रोटीन आहे. बोटाच्या एका पेराएवढीच असेल तर ३ ग्रॅमही कठीण. ‘मी रोज दोन वाट्या वरण पितो’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या पोटात हळद-मीठ-फोडणीचं पाणीच जातं. डाळीचं पाणी पौष्टिक असतं हा समज घराघरांत आहे, पण प्रोटीन त्या डाळीच्या गरात असतं.

दुसरं, वाढण्याची पद्धत. बादलीत डाळ तळाशी बसलेली असते आणि रांगेत पुढे असलेल्यांना वरचं पाणी मिळतं. “काकू, जरा खालून ढवळून वाढा ना,” एवढं म्हटलं की काकू वाढतात, त्यात राग येण्यासारखं काही नसतं. पहिल्या वाटीतलं वरचं पाणी भातावर घ्या आणि दुसरी वाटी घट्ट मागून घ्या.

कॉलेजच्याच मेसमध्ये जेवत असाल तर एकेकट्याने बोलण्यापेक्षा कमिटीतर्फे बोला आणि चवीबद्दल तक्रार न करता किलोत बोला. समजा २०० मुलं जेवतात आणि एका वेळेला ४ किलो तूरडाळ शिजते. म्हणजे माणशी २० ग्रॅम डाळ, साडेचार ग्रॅम प्रोटीन. तीच डाळ ७ किलो केली तर माणशी ३५ ग्रॅम आणि पावणेआठ ग्रॅम प्रोटीन. वरची ३ किलो डाळ १३० रुपये किलोने धरली तरी ३९० रुपये, म्हणजे मुलामागे एका जेवणाला दोन रुपयेसुद्धा नाहीत. हा हिशेब कागदावर मांडून ठेवला की कॉन्ट्रॅक्टरशी बोलणं सोपं होतं. ‘जेवण चांगलं नाही’ याला त्याच्याकडे शंभर उत्तरं असतात, ‘डाळ ४ ची ७ किलो करा, वाटल्यास महिन्याला शंभर रुपये वाढवा’ याला होय किंवा नाही एवढंच म्हणता येतं. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरीच्या दिवसाच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३०० मिलिलिटर दूध धरलेलं आहे, तेही सोबत दाखवा.

त्याच बैठकीत उसळ मागा. आठवड्यातून तीनदा मटकी, चवळी, हरभरा किंवा राजमा. कडधान्याच्या घट्ट उसळीच्या वाटीत ७-८ ग्रॅम प्रोटीन सहज असतं. पिठलं किंवा झुणका एका रात्री. बेसनात १०० ग्रॅमला २० ते २२ ग्रॅम प्रोटीन आहे, करायला वेळ लागत नाही, आणि पिठलं-भाकरीच्या दिवशी ताटात उष्टं उरत नाही, हे मेसवाल्यांनाही माहीत असतं.

आमटी आणि पोळी एकमेकांना धरून चालतात, हेही लक्षात असू द्या. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांना अमिनो आम्लं म्हणतात; गहू-तांदळात त्यांतलं लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मिथिओनिन कमी असतं, ते धान्यात असतं. दोन्ही एकाच घासात यावं लागत नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं. पण डाळ सोडून नुसती भाजी-पोळी खाल्ली की हा मेळ बसत नाही, आणि होस्टेलवर नेमकं तेच होतं.

शिजवायची सोय नाही, तर काय

बहुतेक होस्टेलवर खोलीत शेगडी, इंडक्शन चालत नाही. काही ठिकाणी किटलीही जप्त होते. वॉर्डनच्या नजरेआड कॉइल लावू नका. जुन्या वायरिंगवर ते जिवावर बेतू शकतं. विस्तवाशिवाय आणि फ्रिजशिवाय चालणाऱ्या वस्तू आपल्याकडे पुष्कळ आहेत.

फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. यांच्याइतकं सोपं काहीच नाही. ४० ग्रॅम फुटाण्यांत ८ ग्रॅम आणि २० ग्रॅम दाण्यांत ५ ग्रॅम, मिळून १३. दोन्हींचा अंदाज म्हणजे दोन मुठी. फुटाणे सालासकट घ्या, पोटाला बरे. डबा स्टीलचा घट्ट झाकणाचा ठेवा, कारण पावसाळ्यात फुटाणे दोन दिवसांत वातड होतात आणि मग खाल्ले जात नाहीत. दाणे एकदम दोन किलो आणू नका. खवट वास आला किंवा बुरशी दिसली की ते सगळे टाकून द्या, निवडून खाऊ नका, कारण दाण्याच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं.

हा डबा खोलीत ठेवू नका, बॅगेत ठेवा. खोलीतला डबा रात्री गप्पांत आणि रूममेटांत संपतो. बॅगेतला अकराच्या सुट्टीत उपयोगी पडतो, जिथे खरी भूक असते.

घरून येणारा खाऊ. सुट्टीनंतर परतताना बॅगेत चिवडा, शंकरपाळी, चकली भरून येतात. आईला फोन करून यादी बदलायला सांगा. “आई, या वेळी शंकरपाळी नको, डांगराचं पीठ दे. आणि शेंगदाण्याची चटणी जास्त दे.” आया हे आनंदाने करतात, त्यांना फक्त सांगावं लागतं. डांगराचं पीठ म्हणजे उडदाची डाळ भाजून धने-जिऱ्यासोबत दळलेलं पीठ. दह्यात किंवा ताकात कालवायचं, वरून कांदा, मीठ, तिखट. शिजवायचं काही नाही. तीन मोठे चमचे पिठात ६-७ ग्रॅम प्रोटीन, वर दह्याचं वेगळं. मेसच्या पोळीबरोबर भाजी आवडली नाही त्या दिवशी हेच तोंडीलावणं. मेतकूट दही-भातावर थोडंच लागतं, त्यामुळे त्यातून फार मिळत नाही, पण नुसत्या भातापेक्षा बरं. दाण्याची सुकी चटणी दोन मोठे चमचे घेतली तर ४ ग्रॅम. जवसाची, कारळ्याची चटणीही चांगली, ती आलटून पालटून मागवा.

सत्तू. बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातला रूममेट असेल तर त्याच्याकडे हे असतंच. भाजक्या हरभऱ्याचं पीठ. ४० ग्रॅम सत्तू, गार पाणी, लिंबू, मीठ, जिरेपूड, बारीक कांदा, आणि बाटलीत घालून हलवलं की झालं. ८ ग्रॅम प्रोटीन आणि दोन तास भूक नाही. पुण्या-मुंबईत मोठ्या किराणा दुकानांत मिळतं. आपल्याकडचं सातूचं पीठ गहू आणि डाळं मिळून करतात, त्यात प्रोटीन थोडं कमी, पण गूळ-दुधात कालवून सकाळी खायला उत्तम. सकाळी पोहे चुकत असतील तर ही जागा सातूनेच भरा, दोन मिनिटांचं काम आहे.

मोड आलेली कडधान्यं मी यात मुद्दाम मागे ठेवली आहेत. सगळे सुरुवात तिथूनच करतात आणि तिथेच थांबतात. मटकी आठ-दहा तास भिजवा, निथळा, ओल्या सुती कपड्यात बांधा, पुढचे दहा-बारा तास टांगून ठेवा, मधे एकदा पाण्याचा हबका मारा, हे सगळं एका खोलीत रोज करायला जमत नाही. पावसाळ्यात कपडा आंबूस होतो, हिवाळ्यात मोड यायला दीड दिवस लागतो. कच्चे मोड पोट बिघडवतात, तेव्हा वाफवायला काहीतरी हवंच. शिवाय मोड आल्याने प्रोटीन दुप्पट होतं हे खरं नाही. डाळीत होतं तेवढंच राहतं, पाणी शोषल्यामुळे उलट १०० ग्रॅम मोडांत ते ७-८ ग्रॅमच भरतं. पचायला हलकं होतं आणि क जीवनसत्त्व वाढतं, हे फायदे आहेत. सोय असेल तर जरूर करा. नसेल तर त्यावाचून काही अडत नाही.

सोया वड्या

१०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन, आणि किमतीत दुसरं काही जवळपास येत नाही. लातूर, वाशीमकडे शेतंच्या शेतं सोयाबीनची असतात, आणि होस्टेलवर मात्र ‘रबरासारखं लागतं’ म्हणून पाकीट कपाटात पडून राहतं. रबरासारखं लागतं ते पिळलं नाही म्हणून.

झाकणाचा थर्मास किंवा जाड स्टीलचा डबा घ्या. त्यात ३० ग्रॅम वड्या, म्हणजे लहान वड्यांची एक मध्यम वाटी. चिमूटभर मीठ. वरून उकळतं पाणी, किटली नसेल तर मेसच्या स्वयंपाकघरातून आणा, सकाळी चहाच्या वेळी तिथे आधण असतंच. वीस मिनिटं झाकून ठेवा. मग पाणी ओता, वड्या मुठीत धरून घट्ट पिळा, गार पाण्यात बुडवून पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा पिळताना जे गढूळ, फेसाळ पाणी निघतं त्यातच तो उग्र वास असतो. दोनदा पिळलेली वडी स्पंजसारखी कोरडी होते आणि जे द्याल ते शोषते. लिंबू, तिखट, चाट मसाला, कांदा घालून खा, किंवा डब्यात घालून मेसला न्या आणि वाटीभर गरम आमटीत सोडा. पाच मिनिटांत आमटी आत जाते. पातळ आमटीवरचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. या एका गोष्टीने १५ ग्रॅम भरतात, म्हणजे तूट जवळजवळ संपली.

काही शंका नेहमी येतात. मुलं विचारतात की सोयाने हार्मोन बिघडतात का. रोजच्या जेवणातल्या प्रमाणात सोया खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, असंच अभ्यासांतून दिसलेलं आहे. दिवसाला २५-३० ग्रॅम कोरड्या वड्या पुरतात, त्याहून जास्त खाऊन पोट फुगवून घेऊ नका. थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोया आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवा, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. आणि कच्चं सोयाबीन भिजवून खाऊ नका. त्यात प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात, ते नीट शिजवल्यावरच जातात. वड्या तयार होतानाच उष्णतेतून गेलेल्या असतात, म्हणून त्यांना गरम पाणी पुरतं.

दूध-दही, फ्रिज नसताना

पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रोटीन. अर्धा लिटरची पिशवी दोघांत घ्या आणि आणल्या आणल्या संपवा, तर फ्रिजचा प्रश्न येत नाही. मेसवर गरम करून मिळत असेल तर त्याहून बरं.

रोज पिशवी आणणं जमत नसेल तर साय काढलेल्या दुधाची पावडर आणा. याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५ ग्रॅम प्रोटीन असतं, डबा घट्ट बंद ठेवला तर फ्रिज लागत नाही, आणि तीन मोठे चमचे पाण्यात, सातूत किंवा चहात ढवळले की ७-८ ग्रॅम जातात. घेताना पाकिटामागचा तक्ता वाचा. ‘डेअरी व्हाइटनर’ लिहिलेल्या पाकिटात बहुतेक वेळा साखर घातलेली असते आणि प्रोटीन २० ग्रॅमच्या आसपास उतरतं. दिसायला पाकिटं सारखीच असतात, दुकानदारही एकाच्या जागी दुसरं देतो.

दुधाने पोट बिघडत असेल तर दही-ताक करून बघा. विरजताना दुधातली साखर काही प्रमाणात कमी होते, म्हणून अनेकांना ते चालतं. पनीर चांगलंच आहे, १०० ग्रॅमला १८ ग्रॅम, पण फ्रिज नसताना पाव किलोचा तुकडा एका दिवसात चार जणांनी मिळून संपवायचा, असा बेत असेल तरच आणा.

कुठलं स्वस्त हे ठरवायला एक सोपा भागाकार आहे: किलोची किंमत भागिले किलोतलं प्रोटीन. समजा सोया वड्या १५० रुपये किलो, तर ग्रॅमला ३० पैसे. शेंगदाणे १४० रुपयांनी ५६ पैसे, फुटाणे १६० रुपयांनी ८० पैसे. दूध ६० रुपये लिटरने पावणेदोन-दोन रुपये, पनीर ४०० रुपयांनी सव्वादोन रुपये. अडीच हजाराच्या किलोभर व्हे पावडरीत (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) ७५० ग्रॅम प्रोटीन धरलं तरी तीन रुपयांच्या वर. तुमच्या गावच्या भावाने हे पुन्हा करून बघा, क्रम फारसा बदलणार नाही.

या प्रोटीन पावडरीबद्दल एवढंच सांगते. व्हे दुधापासूनच होते, औषध नाही आणि विषही नाही. पण पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. परवडत नसताना घरून पैसे मागून किंवा रूममेटकडून उसने घेऊन ती घेऊ नका.

व्यवस्था मोडते त्या जागा

वरचं सगळं महिनाभर नीट चालतं. मग ते तुटतं, आणि दर वेळी त्याच ठिकाणी तुटतं.

रविवारची रात्र. दुपारी मेसला गोडधोड असतं, संध्याकाळी मेस बंद. सगळे बाहेर, पावभाजी नाहीतर फ्राइड राइस. एका रात्रीने काही बिघडत नाही, पण सोमवारची तयारीही त्याच रात्री व्हायची असते. फुटाण्यांचा डबा भरणं, आठवड्याचं सामान आणणं, हे रविवारी रात्रीवर ठेवलं की सोमवारी बॅग रिकामी. शनिवारी दुपारी भरा.

उपवास. श्रावणी सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. होस्टेलवर उपवास करणारे बरेच असतात, आणि त्या दिवशी मेसला साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. खिचडीतलं जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून कूट भरपूर मागा आणि बटाट्याच्या पापडांऐवजी वाटीभर दही घ्या. भगर असेल तर तिच्यासोबत दाण्याची आमटी हवीच, त्या आमटीच्या घट्ट वाटीत ७-८ ग्रॅम भरतात. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम आहे, त्याच्या लाह्या दुधात घालून खा. हे सगळं उपवासाला चालतं, नियम कुठेच मोडत नाही. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या साबुदाणा-बटाट्यावर काढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आठव्या दिवशी जिना चढताना धाप लागते. त्यांना कुणी उपवास सोडायला सांगू नका, दही-दाणे-राजगिरा आणून द्या.

महिनाअखेर. पैसे आले की लगेच कोरडं सामान महिनाभराचं भरून टाका: एक किलो सोया वड्या, दीड किलो फुटाणे. दाणे तेवढे पंधरा दिवसांचे. दूध-दही पुढे जमेल तसं.

सबमिशन आणि परीक्षा. या दिवसांत काहीही पिळणं, ढवळणं, भिजवणं होणार नाही हे धरूनच चाला. तेव्हा फक्त बॅगेतला डबा आणि सत्तूची बाटली, आणि मेसला जाऊन घट्ट आमटीच्या दोन वाट्या. जेवण चुकवून अभ्यास करायचा असेल तर रूममेटला डबा आणायला सांगा, पण जेवण चुकवू नका.

एक अडचण पहिल्याच आठवड्यात येते आणि अनेक जण तिथेच सोडून देतात: गॅस. पोटाला कडधान्यांची सवय नसते. पहिल्या आठवड्यात निम्मंच प्रमाण घ्या, पाणी वाढवा, हरभरे खात असाल तर भिजवलेलं पाणी फेकून द्या, जेवणानंतर ओवा चावा. दोन-तीन आठवड्यांत पोट सरावतं.

एवढं करूनही थकवा जात नसेल

सहा-आठ आठवडे हिशेबाप्रमाणे ५०-६० ग्रॅम जात असेल आणि तरीही थकवा, केस गळणं, हातापायांना मुंग्या येणं चालूच असेल, तर प्रोटीन वाढवत बसू नका. कारण दुसरं असू शकतं. शाकाहारी माणसाला ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळतं, आणि होस्टेलवर दूध कमी होतं. मुंग्या आणि थकवा हे त्याचंही लक्षण आहे. मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं फार आढळतं, त्यासाठी जेवणाला लागून चहा पिणं बंद करा, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तर त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि पुढे आपोआप थांबतात. थायरॉइडही बघावं लागतं. डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासायचं का ते विचारा. सरकारी रुग्णालयात आणि बऱ्याच कॉलेजांच्या दवाखान्यांत साध्या तपासण्या कमी खर्चात होतात. पाय सुजत असतील, वजन कारण नसताना उतरत असेल किंवा पूर्वी मूत्रपिंडाचा आजार झाला असेल, तर आहारात वरचा कुठलाही बदल करण्याआधी डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांकडे जाताना त्या एका दिवसाच्या हिशेबाचा कागद सोबत न्या. ‘मेसचं जेवण असतं’ एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही. किती पोळ्या, किती वाट्या आमटी, दूध किती, हे लिहिलेलं असलं की पुढचं बोलणं नेमकं होतं.